छातीच्या हाडातलं छिद्र



आजचा विषय जरा वेगळा आहे. छातीच्या मधोमध जे चपटं हाड असतं, शास्त्रात ज्याला उरोस्थी म्हणतात, त्या एका हाडाचा इतिहास मी सांगणार आहे. खरं म्हणजे हाडाचा नव्हे. त्या हाडाकडून माणसांनी जी साक्ष काढून घेतली, त्या साक्षीचा इतिहास. पहिल्यांदाच सांगून टाकतो, माझ्या नावामागे डॉक्टर लागतं ते तत्त्वज्ञानातलं. त्यामुळे व्याख्यान संपल्यावर कुणी गुडघे दाखवायला येऊ नये. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. पण कोर्टात हाडाविषयी प्रश्न निघतो तेव्हा तो अर्धा वैद्यकाचा असतो आणि अर्धा तर्काचा. त्या दुसऱ्या अर्ध्यावर बोलायला हरकत नसावी.

आधी हाड समजून घेऊ. गळ्याच्या खाली जो खळगा आहे तिथे बोट ठेवा आणि हळूहळू खाली या. साधारण दोन इंचांवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या वरचा रुंद तुकडा म्हणजे या हाडाची मूठ. खालचा लांब भाग म्हणजे पातं. आणि दोन्हीकडच्या बरगड्या जिथे फाकतात, तिथे पोटाच्या वर जे लहानसं लवचीक लागतं ते टोक. जुन्या ग्रीक-रोमन वैद्यांना हे हाड तलवारीसारखं दिसलं आणि मूठ, पातं, टोक ही उपमा शास्त्रीय नावांतही कायम राहिली. सिंदखेडराजाच्या मुलखात ती समजावून सांगायची गरज नाही.

आता हे हाड तयार कसं होतं ते पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गर्भाच्या छातीत सुरुवातीला एक हाड नसतंच. उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा कूर्चेच्या दोन पट्ट्या असतात. गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात त्या मध्यरेषेवर येऊन एकमेकींना जुळतात, जणू अंगरख्याच्या दोन बाजू मधोमध शिवल्या. मग त्या कूर्चेत ठिकठिकाणी हाड धरायला लागतं. मुठीत साधारण एक ठिकाण आणि पात्यात एकाखाली एक असे चार तुकडे. हे चार तुकडे पौगंडावस्थेपासून पंचविशीपर्यंत खालून वर असे एकजीव होत जातात. टोक पात्याला चिकटतं ते चाळिशीच्या आसपास. मूठ आणि पातं यांच्यातला सांधा पुष्कळांच्या बाबतीत म्हातारपणापर्यंत मोकळाच राहतो.

म्हणजे हे हाड एका माणसाच्या आयुष्यातच बदलत असतं. मुलाच्या छातीत किती हाडं मोजायची आणि म्हाताऱ्याच्या छातीत किती, याचं उत्तर एक नाही. आपल्या जुन्या ग्रंथांतही हा घोळ दिसतो. सुश्रुतानं शरीरातली हाडं तीनशे मानली आणि त्यांपैकी छातीची आठ. याज्ञवल्क्यस्मृतीत एकूण तीनशे साठ आहेत आणि छातीची सतरा. आज प्रौढ माणसाची हाडं दोनशे सहा धरतात आणि त्यांत उरोस्थी एक. जुन्यांनी कूर्चा, दात, नखं यांपैकी काय काय धरलं यावर आकडे बदलतात, हा एक भाग. पण सुश्रुतानं प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायला आणि सात रात्रींनी कातडी घासून थर पाहायला सांगितलं आहे. बघून मोजणारा माणूस होता तो. जे हाड वयानुसार तुकड्यांनी जुळत जातं, ते मोजताना दोन माणसांचा आकडा एक येईलच असं नाही.

मला यात आणखी एक गंमत वाटते. याज्ञवल्क्यस्मृती हा धर्मशास्त्राचा, म्हणजे त्या काळच्या कायद्याचा ग्रंथ. विज्ञानेश्वराची मिताक्षरा ही त्याच्यावरची टीका, आणि तिच्या आधारानं आपल्याकडे वारसाहक्काचे दावे विसाव्या शतकापर्यंत चालले. पण त्या ग्रंथात हाडांची मोजदाद येते ती खुनाच्या प्रकरणात नाही. संन्याशाच्या धर्मात येते. देह नाशवंत आहे हे मनावर ठसावं म्हणून. कायद्याच्या ग्रंथात हाडं होती, पण साक्षीदार म्हणून नव्हती. हाडाला साक्षीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा काळ फार पुढे आला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या दोन पट्ट्या मधोमध जुळतात म्हटलं. पण शिवण दर वेळी पूर्ण बसते असं नाही. काही माणसांत पात्याच्या खालच्या भागात एक गोल छिद्र तसंच राहून जातं. कुणाचं काही मिलिमीटरचं, कुणाचं सेंटिमीटरच्या आसपास. बऱ्याच अभ्यासांत शंभर माणसांमागे चार ते आठ जणांत हे छिद्र सापडलेलं आहे. या सभागृहात दोनशे माणसं असतील तर हिशेबानं आठ ते सोळा जणांच्या छातीच्या हाडाला भोक आहे. त्यांना ते माहीत नाही, आणि माहीत असायचं काही कारणही नाही. ते दुखत नाही, खुपत नाही. त्यावर तंतूंचा पडदा असतो, कातडी असते, बाहेरून काही दिसत नाही.

हे एकच वैशिष्ट्य नाही. कुणाचं टोक दुभंगलेलं असतं, जिभेला चीर असावी तसं. कुणाच्या टोकालाही छिद्र असतं. कुणाच्या मुठीच्या वर दोन बारके दाणे वेगळे राहिलेले असतात. कुणाचे पात्याचे तुकडे तिशी उलटली तरी नीट जुळलेले नसतात. यातलं काहीही रोग नाही. निसर्गानं ज्या मर्यादेत माणसं घडवली, त्या मर्यादेतलं हे वैविध्य आहे.

पण माहीत नसलं तर त्यातून घात होतो. आधी जिवंत माणसाचा सांगतो. रक्ताच्या विकारांत हाडातली मज्जा तपासायची असते. १९२७ साली अरिंकिन नावाच्या रशियन डॉक्टरनं छातीच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची पद्धत आणली आणि ती जगभर रूढ झाली. हाड कातडीच्या लगेच खाली, म्हणून सोपं. पण त्या हाडाच्या मागे हृदय आहे. सुई छिद्राच्या जागी पडली तर तिला अडवायला हाडच नाही. अशीच एक घटना नॉर्वेतली आहे. अ‍ॅक्युपंक्चरची सुई छातीच्या मधोमध टोचली, तिथे नेमकं जन्मजात छिद्र होतं, सुई हृदयापर्यंत गेली आणि ती स्त्री दगावली. १९९५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रकरण प्रसिद्ध झालं. सुई टोचणाऱ्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. हाड सलग असणार, हे त्यानं गृहीत धरलं होतं.

आता मेलेल्या माणसाकडे येऊ. समजा, उन्हाळ्यात नाल्यातलं पाणी आटलं आणि गुराख्याला झुडपात हाडं दिसली. पोलीस पाटलाला निरोप गेला, ठाण्यात मर्ग दाखल झाला, पंचनामा झाला. मांस नाही, कपड्यांच्या चिंध्या झालेल्या. छातीचं हाड उचललं तर त्याच्या मधोमध गोल, स्वच्छ भोक. गावातला एक माणूस दोन वर्षांपासून बेपत्ता आहे. त्याचं धुऱ्यावरून कुणाशी तरी भांडण होतं. त्या कुणाकडे तरी बंदूक आहे, अशी कुजबूज आहे. मंडळी, एवढ्यावर गावाचा निकाल लागलेला असतो की नाही? भोक दिसलं, म्हणजे गोळी. गोळी, म्हणजे खून. खून, म्हणजे अमका.

हे उदाहरण मी रचलेलं आहे, पण हा धोका रचलेला नाही. न्यायवैद्यकाच्या अभ्यासकांनी या छिद्राबद्दल पुन्हा पुन्हा हाच इशारा दिला आहे, की ते गोळीच्या जखमेसारखं दिसतं आणि फसवतं.

आपल्या नैयायिकांनी या चुकीला नाव दिलेलं आहे. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. कारण जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती कुठे तुटत नाही. पण उलट म्हणून पाहा, जिथे अग्नी तिथे धूर. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा घ्या. अग्नी आहे, धूर नाही. व्याप्ती तुटली. मग अग्नीसोबत धूर कधी येतो? जळण ओलं असेल तेव्हा. या ओल्या जळणाला नैयायिक उपाधी म्हणतात, म्हणजे ज्याच्यामुळे ते विधान खरं ठरतं अशी लपलेली अट. आणि जो हेतू साध्य नसतानाही सापडतो त्याला ते म्हणतात सव्यभिचार. 'जिथे छिद्र तिथे गोळी' हे सव्यभिचार हेतूचं उत्तम उदाहरण आहे. छिद्र गोळीनं पडतं, जन्मतः राहतं, रोगानं हाड झिजून पडतं, जमिनीत पुरलेल्या हाडाला मुळं आणि किडेही पाडतात. नुसतं छिद्र काहीच सिद्ध करत नाही. लपलेली अट शोधावी लागते.

ती अट कुठे शोधायची, हे समजायला आपल्याला जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. लोणारला चला. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं ते विवर आपण सगळ्यांनी काठावर उभं राहून पाहिलेलं आहे. लोककथेनं त्याचं कारण सांगितलं लवणासुराच्या वधाचं, आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर त्या कथेची आठवण धरून आहे. इंग्रजांच्या काळात भूशास्त्रज्ञ आले. त्यांनी तर्क केला की हा सगळा काळ्या पत्थराचा मुलूख, काळा पत्थर म्हणजे थंड झालेला लाव्हा, तेव्हा हा खड्डा ज्वालामुखीचाच असणार. तर्क वेडगळ नव्हता. गिल्बर्ट नावाचा मोठा अमेरिकन भूशास्त्रज्ञ होता. अ‍ॅरिझोनातल्या तशाच खड्ड्यावर त्यानं १८९६ साली लिहिलं आणि तो जमिनीखालच्या वाफेच्या स्फोटानं झाला असं ठरवलं. त्याच्या त्या लेखाचा विषयच मुळी गृहीतकं कशी सुचतात आणि ती कशी तपासायची हा होता. एवढा सावध माणूस, पण आज ते विवर उल्काघाताचं म्हणून जगप्रसिद्ध आहे.

लोणारचा निकाल लागायला १९७३ उजाडावं लागलं. फ्रेड्रिक्सन आणि त्यांच्या भारतीय व अमेरिकी सहकाऱ्यांनी विवरातल्या दगडांचे नमुने तपासले. त्यांत मॅस्केलिनाइट नावाची काच सापडली. दगडातल्या एका खनिजावर प्रचंड आघात झाला की ते वितळल्याशिवाय काचेसारखं होतं. असा दाब ज्वालामुखी देत नाही; वरून आदळणारी वस्तू देते. लक्षात घ्या, खड्ड्याचा आकार तोच होता, शेकडो लोकांनी पाहिलेला. उत्तर आकारात नव्हतं, दगडाच्या पोटात होतं. लोणारला वाटलं की जमिनीच्या आतून झालं, आणि निघालं बाहेरच्या आघातानं. छातीच्या हाडात वाटतं की बाहेरच्या आघातानं झालं, आणि असतं मुळातलं. चूक दोन्हीकडे एकच, पोकळी पाहून कारण सांगण्याची.

मग हाडात काय पाहायचं? कडा पाहायची. जन्मजात छिद्राची कडा गुळगुळीत आणि गोलसर असते. हाडाच्या बाहेरचं कडक कवच वळून आतपर्यंत गेलेलं असतं, जणू भोकाला काठ शिवलेला. ते बहुधा मध्यरेषेवर आणि पात्याच्या खालच्या भागात असतं. गोळीनं हाड तुटतं. तिथे आतला स्पंजासारखा भाग उघडा पडतो, कडेपासून चिरा निघतात, आणि गोळी ज्या बाजूला बाहेर पडते त्या बाजूला छिद्र नरसाळ्यासारखं रुंद होतं. हे रुंदावणं कवटीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं या पातळ हाडात दिसेलच असं नाही. म्हणून एक्स-रेत धातूचे कण शोधायचे, मागचे मणके आणि बरगड्या पाहायच्या. गोळी छातीतून गेली असेल तर ती वाटेत फक्त एकच वस्तू भेदून अदृश्य होत नाही. ओलं जळण ते हेच, तुटलेली कडा आणि पुढचा मार्ग.

असाच घोटाळा आणखी दोन ठिकाणी होतो. तरुण माणसाच्या एक्स-रेत न जुळलेल्या तुकड्यांमधली रेघ दिसते आणि ती मोडल्याची रेघ वाटू शकते. दुसरं असं, की हृदय बंद पडलेल्याची छाती दाबून त्याला जगवायचा प्रयत्न करतात, त्यात हे हाड आणि बरगड्या मोडणं नेहमीचं आहे. प्रयत्न फसला आणि पुढे शवविच्छेदन झालं, तर वाचवणाऱ्या हातांची खूण मारणाऱ्या हातांची म्हणून वाचली जाऊ शकते. मरणापूर्वी कुणी काय केलं याची नोंद डॉक्टरापुढे नसेल तर तो तरी काय करील?

इथवर छिद्राचं झालं. आता मोजमापाकडे वळू, कारण उरोस्थीकडे कोर्ट दुसरा एक प्रश्न घेऊन येतं. हाडं पुरुषाची की स्त्रीची?

स्त्री-पुरुषांच्या या हाडात फरक असतो, हे वेन्झेल यानं १७८८ सालीच नोंदवलं होतं. पुढे व्हिएन्नाचे प्रख्यात शरीरशास्त्रज्ञ हर्टल यांच्या नावानं नियम रूढ झाला, की मुठीची लांबी पात्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर हाड स्त्रीचं, कमी असेल तर पुरुषाचं. नियम सुटसुटीत होता. विद्यार्थ्याला पाठ व्हायला सोपा, वकिलाला वाचून दाखवायला सोपा. मग बॉस्टनचे थॉमस ड्वाइट यांनी १८८१ आणि १८९० मध्ये स्वतः हाडं मोजली आणि सांगितलं की सरासरी काढली तर नियम खरा दिसतो, पण एकेका हाडाला लावायला गेलं की अपवादच अपवाद निघतात.

हा भेद नीट धरून ठेवा. पुरुषांची उंची स्त्रियांपेक्षा सरासरीनं जास्त असते, हे खरं. पण पडद्याआडून कुणी नुसती पाच फूट चार इंच ही उंची सांगितली तर तो पुरुष की स्त्री, हे तुम्ही छातीठोक सांगाल काय? कोर्टासमोर सरासरी उभी नसते. कोर्टासमोर एक हाड असतं, आणि त्या एका हाडाच्या मागे एक आरोपी.

विसाव्या शतकात अ‍ॅशली यांनी वेगळी वाट धरली. मूठ आणि पातं यांची एकत्र लांबी घ्यायची. १९५६ साली त्यांनी युरोपीय लोकांसाठी सीमा ठरवली १४९ मिलिमीटर. त्याहून जास्त ते पुरुषाचं. आणि आफ्रिकी लोकांसाठी तीच सीमा निघाली १३६. तेरा मिलिमीटरांचा फरक, करंगळीच्या रुंदीएवढा. पण त्या करंगळीएवढ्या जागेत पुरुषाची स्त्री होते. लंडनची फूटपट्टी घेऊन दुसऱ्या मुलखातलं हाड मोजलं तर आकडा बरोबर येईल आणि उत्तर चूक.

मग आपलं काय? जे. पी. मोदी यांचं न्यायवैद्यकावरचं पुस्तक १९२० साली निघालं आणि पिढ्यान्‌पिढ्या आपल्या कोर्टांत आधार म्हणून वाचलं गेलं. पण हिंदुस्थानी माणसाची हाडं मोजून स्वतःचे मापदंड करायचं काम सावकाश झालं. चंदीगडच्या इंदर जीत आणि सहकाऱ्यांनी १९८० साली उत्तर भारतातल्या उरोस्थींचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १९८९ मध्ये हाडाचे तुकडे कोणत्या वयात जुळतात, यावर त्यांचं काम आलं. आणि आपल्या अगदी शेजारचं उदाहरण सांगतो. २००२ साली भारतीय शरीरशास्त्र संघटनेच्या नियतकालिकात दहिफळे आणि सहकाऱ्यांचा मराठवाड्यातल्या उरोस्थींवरून स्त्री-पुरुष ओळखण्याचा अभ्यास छापून आला. देऊळगावराजा ओलांडलं की जालना. म्हणजे आपल्या उंबऱ्यापर्यंत हे काम आलेलं आहे.

अशा अभ्यासांचं मोल बाहेरून कळत नाही. कुणी म्हणेल, मराठवाड्याचं हाड काय वेगळं असणार? वेगळं आहे की नाही हे मोजल्याशिवाय कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. आपण मोजत नाही तोवर दुसऱ्याच्या मापानं आपले मुडदे ओळखले जातात.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ४५ तज्ज्ञाच्या मताबद्दल होतं. आता भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम ३९ आहे. नाव बदललं, तत्त्व तेच राहिलं. तज्ज्ञ जे देतो ते मत असतं, निकाल नसतो. न्यायाधीशाला त्या मताची कारणं विचारता येतात, आणि विचारावीत. 'हे छिद्र गोळीचं आहे' हे मत झालं. 'कडा तुटलेली आहे, चिरा आहेत, मागच्या मणक्यावर इजा आहे, म्हणून गोळीचं' हे कारणांसहित मत झालं. पहिल्याला उलटतपासणीत धरता येत नाही, दुसऱ्याला धरता येतं. आणि ज्या विधानाला धरता येतं, तेच ज्ञान म्हणायच्या लायकीचं.

आता मी विषयाची दुसरी बाजू दाखवतो. आतापर्यंत तुम्हाला वाटलं असेल की हे वैविध्य म्हणजे न्यायवैद्यकाच्या वाटेतली अडचण. तसं नाही.

हाडं सापडली की प्रश्न ओळीनं येतात. माणसाची का जनावराची? पुरुष का स्त्री? वय काय? हे सगळे सामान्याचे प्रश्न. यांची उत्तरं माणसाला गटात बसवतात. 'चाळिशीचा पुरुष' इथवर ती पोचवतात. पण घरचे लोक जो प्रश्न विचारतात तो यातला नाही. ते विचारतात, हा आमचा आहे का? तिथे सामान्य संपतं आणि विशेष लागतं. कणादाच्या दर्शनाचं नावच वैशेषिक आहे. एक वस्तू दुसरीहून वेगळी कशामुळे, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी 'विशेष' हा पदार्थ मानला तो परमाणू, आत्मा अशा नित्य द्रव्यांपुरता, हाडांसाठी नव्हे. तेवढं भान ठेवून मी शब्द उसना घेतो.

ज्या छिद्रानं नियम मोडला, तेच छिद्र इथे नाव सांगतं. समजा, बेपत्ता माणसाच्या छातीचा सिटी स्कॅन चार वर्षांपूर्वी झालेला आहे आणि त्यात उरोस्थीचं छिद्र दिसतं, अमुक आकाराचं, अमुक जागी, टोक दुभंगलेलं. सापडलेल्या हाडातही नेमकं तसंच असेल, तर ओळखीचा फार मोठा आधार मिळाला. १८९५ मध्ये राँटजेननं क्ष-किरण शोधले. पुढे १९२७ मध्ये कल्बर्ट आणि लॉ या डॉक्टरांनी कवटीतल्या पोकळ्यांचे जिवंतपणीचे आणि मृत्यूनंतरचे एक्स-रे ताडून ओळख पटवल्याचं प्रसिद्ध केलं. आपल्याकडे रामलोचन अहीर यांच्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयानं कवटीवर छायाचित्र जुळवून केलेली ओळख पुरावा म्हणून ग्राह्य धरली. या सगळ्यांत तत्त्व एकच आहे. मेल्यानंतरचं काही तरी जिवंतपणीच्या कशाशी तरी ताडायचं. डीएनएसुद्धा ताडूनच पाहावा लागतो, नातेवाइकाच्या नमुन्याशी. हाड एकटं बोलत नाही. त्याला जोडीदार लागतो.

आणि इथे मला २०२३ च्या जुलैबद्दल बोललं पाहिजे. या जिल्ह्यात बसून ते टाळता येणार नाही. १ जुलैच्या पहाटे, सगळे झोपेत असताना, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर उलटून पेटली. पंचवीस माणसं गेली. देह ओळखण्यापलीकडे जळाले होते. डीएनए तपासणीला दिवस लागणार होते. शेवटी दुसऱ्या दिवशी, २ जुलैला, बुलढाण्यात चोवीस जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले.

मी कुणाला दोष द्यायला हे सांगत नाही. त्या परिस्थितीत नातेवाइकांनी आणि प्रशासनानं जे ठरवलं ते फार जड मनानं ठरवलं असणार. मी फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी राख सावडतात. अस्थी वेचतात, दूध-पाणी शिंपडतात, मडक्यात भरतात. तो विधी करताना कुणी उरोस्थी मोजत नाही आणि बरगडी ओळखत नाही. पण एक गोष्ट सगळ्यांनी धरलेली असते, की ही आपल्याच माणसाची. मी आत्म्याच्या वादात शिरत नाही; पन्नास वर्षं शिकवून तो मला सुटलेला नाही. पण 'आपल्याच माणसाची' या दोन शब्दांसाठी माणूस किती किंमत मोजायला तयार असतो, हे त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. ओळख पटवणं हे फक्त पोलिसांचं काम नाही. विम्याचं, वारसाचं, मृत्यूच्या दाखल्याचं काम तर त्यावर अडतंच. पण शोकालासुद्धा पत्ता लागतो.

म्हणून शेवटी तीन साध्या गोष्टी सांगतो.

पहिली आपल्या सगळ्यांसाठी. घरातले जुने एक्स-रे, सिटी स्कॅनच्या फिल्मा आणि अहवाल दिवाळीच्या साफसफाईत फेकू नका. दातांचे तर मुळीच फेकू नका. आज मोबाइलवर त्यांचा फोटो काढून ठेवायला दोन मिनिटं लागतात. अहवालात 'उरोस्थीत छिद्र' असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, आणि छातीवर कुणी सुई लावणार असेल तर त्याला आधी सांगा.

दुसरी डॉक्टरमंडळींसाठी. छातीचा स्कॅन दुसऱ्या कारणानं काढलेला असतो, फुफ्फुसासाठी किंवा हृदयासाठी. त्यात हाडाचं असं काही वेगळेपण दिसलं तर एक ओळ लिहा. रुग्णाला आज तिचा उपयोग नाही. उद्या कुणाला होईल, सांगता येत नाही.

तिसरी संस्थांसाठी. बेरार १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्यानंतर दीडशे वर्षांहून जास्त काळ या जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात जी दहा नवी शासकीय महाविद्यालयं सुरू झाली, त्यांत बुलढाणा आहे आणि शेजारचं जालनाही आहे. तिथे शरीरशास्त्राचे आणि न्यायवैद्यकाचे विभाग राहणारच. विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासून आपल्या भागातल्या हाडांची मापं आणि वैशिष्ट्यं एका वहीत नोंदवायला घेतली, तर वीस वर्षांत असा दस्तऐवज उभा राहील जो आज कुणाकडेच नाही. त्याला मोठं यंत्र लागत नाही, कॅलिपर लागतो आणि चिकाटी लागते. मराठवाड्यातल्या लोकांनी ते एकदा करून दाखवलं आहे.

नालातलं ते हाड उद्या कुणाच्या तरी टेबलावर येणारच आहे. ते पाहणाऱ्याला शंभरातले चार ते आठ ठाऊक असावेत, आणि कडा पाहायची सवय असावी. एवढ्यानं एखाद्या निरपराध माणसाचा तुरुंग टळेल, किंवा एखाद्या घराला त्यांचा माणूस सापडेल.

प्रश्न असतील तर विचारा. फक्त गुडघ्यांचे नकोत.